पिछाडीची राखण

कबड्डीच्या मैदानाभोवती जमलेल्या गर्दीचे डोळे नेहमी चढाईवर जाणाऱ्या गड्याकडे लागलेले असतात. तो पलीकडे जातो, कोणाला तरी शिवून परततो, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. त्याला अडविण्यासाठी हातात हात गुंफून उभी असलेली साखळी, किंवा कोपऱ्यात पाय रोवून वाट पाहणारा गडी, यांच्याकडे लक्ष जाते ते बहुधा त्यांच्या हातून चूक झाली म्हणजे. फुटबॉलच्या खेळातही हाच न्याय चालतो. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. जो गोल झालाच नाही, तो कोणी होऊ दिला नाही, याची नोंद कोठेच होत नाही. अशा बिननोंदीच्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, आणि पुढे त्याच कामाची शिदोरी घेऊन ज्या शिक्षकपदावर चढल्या, अशा स्त्रियांपैकी फ्रान्सच्या कोरीन दियाक्र यांची कारकीर्द विशेष विचार करण्याजोगी आहे. पुरुषांच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद फ्रान्समध्ये प्रथम मिळविणारी आणि ते निभावून नेणारी स्त्री म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. आपल्याच देशाच्या स्त्रियांच्या संघावरून मात्र त्यांना २०२३ मध्ये दूर व्हावे लागले. या दोन घटना एकाच व्यक्तीच्या आयुष्यात शेजारी शेजारी कशा आल्या, हे पाहू लागले म्हणजे खेळ आणि शिक्षण यांच्या नात्याविषयी बरेच काही उमगते.

प्रथम बचावाच्या खेळाडूचे काम काय, ते ध्यानात घ्यावयास हवे. फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. आपल्या गोलाच्या पुढे चार जणींची एक फळी बहुधा आडवी पसरलेली असते. या फळीचे काम केवळ चेंडू परतवून लावण्याचे नाही. ऑफसाईड नावाचा जो नियम आहे, त्यानुसार चेंडू पुढे दिला जात असता आघाडीची खेळाडू प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे उभी असून खेळात भाग घेईल, तर तो डाव रद्द होतो. शेवटची खेळाडू बहुतेक वेळा गोलरक्षकच असते. त्यामुळे ही अदृश्य रेषा व्यवहारात बचावाच्या फळीनेच आखली जाते. फळी चार पावले पुढे सरकली की प्रतिपक्षाची आघाडीही मागे हटते. पण चौघी एकाच क्षणी सरकल्या पाहिजेत. एकटी मागे रेंगाळली तर साऱ्या जणींची मेहनत वाया जाते. म्हणून मधल्या बचावाच्या खेळाडूला सतत बोलावे लागते, हाळी द्यावी लागते, शेजारणीची जागा आणि समोरचीची चाल एकाच दृष्टिक्षेपात टिपावी लागते. सारे मैदान तिच्या डोळ्यांसमोर असते. आघाडीच्या खेळाडूची पाठ बहुतेक वेळ आपल्याच संघाकडे असते. पिछाडीच्या खेळाडूला मात्र दहाही जणींच्या हालचाली दिसतात. बचावाच्या खेळाडूंतून चांगले प्रशिक्षक निघतात, असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

कोरीन दियाक्र यांचा जन्म ४ ऑगस्ट १९७४ चा. जन्मगाव क्रवा, फ्रान्सच्या उत्तर टोकाला, लील या गिरण्यांच्या शहराला लागून असलेले. त्यांच्या जन्माचे वर्ष फ्रान्समधील स्त्रियांच्या फुटबॉलच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, पॅरिसमध्ये स्त्रियांचे सामने सुरू झाले होते. आलीस मिलिया यांच्यासारख्या कर्तबगार बाईंनी स्त्रियांच्या खेळांसाठी स्वतंत्र संघटना चालविली. परंतु पुढे विरोध वाढत गेला, आणि १९४१ मध्ये व्हिशीच्या राजवटीने स्त्रियांच्या फुटबॉलवर सरळ बंदीच घातली. युद्ध संपले, राजवट गेली, तरी तो खेळ अनेक वर्षे वाळीत टाकल्यासारखाच राहिला. फ्रेंच फुटबॉल महासंघाने त्याला पुन्हा मान्यता दिली ती १९७० मध्ये. १९७१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या स्त्रियांनी हॉलंडविरुद्ध आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना जिंकला. आणि महासंघाच्या देखरेखीखालील स्त्रियांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४-७५ च्या हंगामात सुरू झाली. म्हणजे ही मुलगी आणि ती स्पर्धा एकाच वयाच्या. ज्या खेळाची परंपरा तिच्या हातात यावयाची होती, ती परंपरा तिच्याबरोबरच रांगत होती.

पुढे ती दक्षिणेकडे, शारान्त प्रांतातील स्वायो या लहानशा गावी आली आणि १९८८ पासून तेथील संघात खेळू लागली. आंगुलेम शहराच्या कुशीत वसलेल्या या गावाने स्त्रियांचा संघ १९६८ पासून जपला होता आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले होते. मोठ्या शहरांतील श्रीमंत क्लबांनी स्त्रियांच्या खेळाकडे लक्ष वळविले नव्हते तेव्हा अशा गावांनीच तो तगवून धरला. दियाक्र या संघाकडून १९८८ पासून २००७ पर्यंत खेळल्या. एकोणीस वर्षे, एकच क्लब, एकच गाव. त्या काळात फ्रान्समध्ये फुटबॉल हा स्त्रियांच्या चरितार्थाचा मार्ग नव्हता; दिवसा शिक्षण किंवा नोकरी आणि सायंकाळी सराव, हाच बहुतेकींचा क्रम असे. अशा वेळी एका ठिकाणी इतकी वर्षे टिकून राहण्यात पैशाचा मोह किंवा कीर्तीची हाव असण्याचे कारणच नव्हते.

राष्ट्रीय संघात त्यांचा प्रवेश १९९३ मध्ये झाला. २००५ पर्यंत त्या १२१ आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या, आणि संघाचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले. बचावाच्या खेळाडू असूनही त्यांच्या नावावर १४ गोल आहेत. त्यांतील एक गोल फ्रेंच फुटबॉलच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. २००३ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरण्याकरिता फ्रान्सला इंग्लंडशी दोन सामने खेळावे लागले. पहिला सामना लंडनमध्ये झाला आणि फ्रान्सने तो एका गोलाने जिंकला. दुसरा १६ नोव्हेंबर २००२ रोजी सेंत-एत्येन येथे होता. ज्या देशात स्त्रियांच्या सामन्यांना काही शेकडा प्रेक्षक मिळाले तरी आनंद मानीत, तेथे त्या दिवशी वीस हजारांहून अधिक लोक जमले. सामन्यात एकच गोल झाला, आणि तो पिछाडीवरून पुढे आलेल्या दियाक्र यांनी केला. त्या एका गोलाने फ्रान्सच्या स्त्रियांना इतिहासात प्रथमच विश्वचषकाचे दार उघडले. अमेरिकेत झालेल्या त्या स्पर्धेत त्यांनी दक्षिण कोरियाला हरविले, ब्राझीलशी बरोबरी साधली, पण नॉर्वेकडून हार पत्करली आणि पहिल्या फेरीतच त्यांना परतावे लागले. तथापि दार एकदा उघडले ते उघडलेच.

खेळणे संपल्यावर शिकविण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पण खेळणे आणि शिकविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. खेळाडूचे डोळे चेंडूवर असतात, प्रशिक्षकाचे माणसांवर. खेळाडूला नव्वद मिनिटांत स्वतःची चूक स्वतःच्या पायांनी दुरुस्त करता येते. प्रशिक्षकाला दुसऱ्याच्या पायांवर विसंबावे लागते. दियाक्र यांनी हे दुसरे कौशल्य पायरीपायरीने मिळविले. राष्ट्रीय संघाचे त्या वेळचे प्रशिक्षक ब्रुनो बिनी यांच्या हाताखाली त्या साहाय्यक झाल्या, आणि ज्या स्वायोच्या संघात त्या वाढल्या त्याचीही सूत्रे त्यांनी सांभाळली. बिनी यांच्या कारकीर्दीत फ्रान्सच्या स्त्रिया २०११ च्या विश्वचषकात आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या. त्या उभारणीत या साहाय्यकाचाही हात होता. त्यानंतर त्यांनी फ्रान्समधील व्यावसायिक प्रशिक्षकाची सर्वोच्च पदविका संपादन केली. २०१४ पर्यंत ती कोणाही स्त्रीने मिळविली नव्हती. ही पदविका नसेल तर पुरुषांच्या व्यावसायिक संघाची जबाबदारी रीतसर स्वीकारता येत नाही. म्हणजे नियमांत स्त्रियांना मज्जाव कधीच नव्हता. त्या दारापर्यंत जाणारी वाट मात्र तोवर कोणी तुडविली नव्हती.

दार उघडण्याचा प्रसंग थोड्या विचित्र रीतीने आला. फ्रान्सच्या मध्यभागी, ज्वालामुखींच्या जुन्या डोंगररांगेच्या पायथ्याशी क्लेरमाँ-फेराँ हे शहर आहे. मोटारीच्या टायरांच्या कारखान्यासाठी ते जगाला ठाऊक आहे. तेथील फुटबॉल क्लब पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत असे आणि त्याची आर्थिक स्थिती बेताचीच होती. २०१४ च्या मे महिन्यात क्लबचे अध्यक्ष क्लोद मिशी यांनी पोर्तुगालच्या हेलेना कोश्ता यांना प्रशिक्षक नेमल्याचे जाहीर केले. वार्ताहरांची झुंबड उडाली. पण जूनमध्ये, काम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या दिवशीच, कोश्ता पद सोडून निघून गेल्या. खेळाडूंची निवड आणि सराव सामने आपल्याला न विचारता ठरविले गेले, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. अशा वेळी कोणीही अध्यक्ष हात पोळल्याचे कारण सांगून जुन्या वाटेला लागला असता. मिशी यांनी काही दिवसांतच दुसऱ्या स्त्रीची नेमणूक केली. ती स्त्री म्हणजे दियाक्र.

त्यापूर्वी युरोपात असा प्रयत्न अगदीच झाला नव्हता असे नाही. इटलीच्या नामांकित खेळाडू कारोलिना मोराचे यांनी १९९९ मध्ये व्हितेर्बो येथील पुरुषांच्या तिसऱ्या श्रेणीतील संघाची सूत्रे हाती घेतली होती. पण दोन सामन्यांनंतरच त्यांनी राजीनामा दिला. दियाक्र यांच्यापुढे उदाहरणे होती ती अशी, एक दोन सामन्यांचे, दुसरे शून्य सामन्यांचे. त्यामुळे त्यांच्याकडून लोकांची अपेक्षा विजयाची नव्हती. त्या किती दिवस टिकतात, याचीच उत्सुकता अधिक होती.

पहिला सामना ४ ऑगस्ट २०१४ रोजी ब्रेस्त येथे झाला. तो त्यांचा चाळिसावा वाढदिवस होता. वार्ताहर आणि कॅमेरे यांची गर्दी एका दुसऱ्या श्रेणीच्या सामन्याला शोभणारी नव्हती. क्लेरमाँ तो सामना दोन गोलांविरुद्ध एका गोलाने हरले. पण पुढचे सामने येत गेले, हंगाम सरकत गेला, आणि कॅमेरे हळूहळू कमी झाले. एका हंगामात अडतीस सामने असतात. पावसात, थंडीत, दूरच्या गावी जाऊन खेळावयाचे असतात. कोणी नवलाईपोटी अडतीस सामने पाहत नाही. वीस संघांच्या त्या श्रेणीत क्लेरमाँने पहिल्या हंगामात बारावे स्थान मिळविले, दुसऱ्यात सातवे, तिसऱ्यात पुन्हा बारावे. संघ खालच्या श्रेणीत घसरला नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधील एका प्रमुख फुटबॉल नियतकालिकाने त्यांना दुसऱ्या श्रेणीतील वर्षाचा उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरविले.

या आकड्यांत दिपून जाण्यासारखे काही नाही, आणि त्यांचे खरे महत्त्व तेच आहे. बेताच्या पैशांत मध्यम स्थान टिकवून धरणे हे दुसऱ्या श्रेणीतल्या कोणत्याही कष्टाळू प्रशिक्षकाचे काम. ते एका स्त्रीने केले, तीन वर्षे केले, आणि तिसऱ्या वर्षी त्यात कोणाला बातमी दिसेनाशी झाली. दियाक्र यांचा स्वभाव मितभाषी. आपल्या स्त्रीत्वाविषयीच्या प्रश्नांपेक्षा खेळाविषयीचे प्रश्न त्यांना अधिक रुचत. अग्रेसर म्हणून मिरविण्याची त्यांना हौस नव्हती. पिछाडीची राखण करणाऱ्याला ही सवय असतेच. त्याचा दिवस चांगला गेला तर त्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही. क्लेरमाँच्या त्या तीन वर्षांना हा स्वभाव अगदी मानवला. पुढे त्यांच्या जागी आलेल्या पास्काल गास्तियाँ यांनी २०२१ मध्ये हा क्लब इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीत नेला. ते श्रेय गास्तियाँ यांचे. पण घर उभे होते म्हणून त्याच्यावर मजला चढविता आला, हेही खरे.

२०१७ च्या ऑगस्टअखेर, चौथा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, महासंघाने त्यांना स्त्रियांच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी दिली. वेळ महत्त्वाची होती. २०१९ चा विश्वचषक फ्रान्समध्येच भरावयाचा होता. संघात लिआँ क्लबच्या अनेक खेळाडू होत्या, आणि लिआँ त्या काळात युरोपातील स्त्रियांच्या क्लबांत अग्रगण्य होता. खेळाडूंकडे गुण होते, घरचे मैदान होते. नव्हते ते एखादे मोठे पदक. दियाक्र यांनी येताच एक निर्णय घेतला, ज्याची छाया पुढील सहा वर्षांवर पडली. त्यांनी कर्णधारपद वेंदी रनार यांच्याकडून काढून आमांदीन आंरी यांना दिले. रनार या मार्तिनिक बेटावर जन्मलेल्या, उंचपुऱ्या, आणि मधल्या बचावाच्या खेळाडू. म्हणजे ज्या जागी दियाक्र स्वतः खेळल्या, त्याच जागेच्या वारसदार. कर्णधार कोणाला करावे हा प्रशिक्षकाचा निर्विवाद अधिकार असतो. पण अधिकार असणे वेगळे आणि तो वापरल्याची किंमत चुकविणे वेगळे.

विश्वचषकाची सुरुवात झोकात झाली. ७ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सने दक्षिण कोरियाला चार गोलांनी हरविले. नॉर्वे आणि नायजेरिया यांच्यावरही विजय मिळाला, ब्राझीलला जादा वेळेत नमविले. पण उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेने फ्रान्सचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. त्याबरोबर टोकियो ऑलिंपिकची संधीही गेली, कारण युरोपातील संघांची निवड त्याच स्पर्धेतून व्हावयाची होती. पराभवानंतर जी कुजबुज सुरू झाली, ती २०२० मध्ये उघडपणे ऐकू येऊ लागली. संघातून वगळल्या गेलेल्या आंरी यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले की, विश्वचषकाच्या काळात शिबिरात काही खेळाडूंना रडताना त्यांनी पाहिले होते. अनुभवी गोलरक्षक सारा बुआदी यांनीही राष्ट्रीय संघापासून दूर राहणे पसंत केले. २०२१ मध्ये कर्णधारपद पुन्हा रनार यांच्याकडे आले. पण २०२२ च्या युरोपीय स्पर्धेसाठी संघ निवडताना आंरी आणि फ्रान्सच्या सर्वाधिक गोल करणाऱ्या युजेनी ल सोमेर या दोघींनाही घेण्यात आले नाही.

येथे दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे. प्रशिक्षकाची बाजू अशी की, राष्ट्रीय संघ म्हणजे जुन्या पुण्याईचे इनाम नव्हे. नव्या खेळाडूंना वाव द्यायचा तर कोणाला तरी बाहेर बसावेच लागते. शिवाय २०२२ च्या त्या स्पर्धेत फ्रान्सच्या स्त्रिया प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचल्या आणि जर्मनीकडून दोन विरुद्ध एक अशा निसटत्या फरकाने हरल्या. तोवर त्यांची मजल उपांत्यपूर्व फेरीच्या पलीकडे कधीही गेली नव्हती. निव्वळ निकालांवरून पाहिले तर ही कारकीर्द अपयशी म्हणता येणार नाही. खेळाडूंची बाजू अशी की, निर्णयापेक्षा तो कसा कळतो, कोणत्या शब्दांत कळतो, आणि कळल्यावर दुःख व्यक्त करण्यास जागा असते की नाही, यावर संघाचा जीव अवलंबून असतो. स्वायोच्या काळातील खेळाडू शिस्तीला जन्मतःच सरावलेली होती. तिला खेळावयास मिळणे हेच भाग्य वाटे. २०१० नंतरच्या पिढीतील खेळाडू व्यावसायिक आहे. तिच्या क्लबमध्ये तिला उत्तम प्रशिक्षक, वैद्य, मानसतज्ज्ञ लाभतात, आणि राष्ट्रीय संघातही तिला तोच दर्जा हवा असतो. ही मागणी उद्धटपणाची नव्हती. दियाक्र यांच्या पिढीने ज्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याचेच ते फळ होते.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी साखळीतला हात सुटला. विश्वचषकाला पाच महिनेही उरले नसताना रनार यांनी जाहीर केले की, आपले मनःस्वास्थ्य राखण्यासाठी आपण त्या स्पर्धेत खेळणार नाही. राष्ट्रीय संघाची चालू व्यवस्था सर्वोच्च दर्जाच्या खेळाला साजेशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दिवशी कादिदियातु दियानी आणि मारी-आंत्वानेत कातोतो या आघाडीच्या दोन खेळाडूंनीही बदल झाल्याशिवाय परतणार नसल्याचे कळविले. महासंघाने चौकशीसाठी चौघांची समिती नेमली. तिच्यात लोरा जॉर्ज होत्या. त्याही एके काळच्या बचावाच्या आघाडीच्या खेळाडू. दियाक्र यांनी निवेदन काढून आपली बदनामी चालल्याचा आरोप केला आणि पद सोडण्याचा आपला विचार नाही असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्च रोजी, महासंघाने त्यांना पदमुक्त केले. ज्येष्ठ खेळाडूंशी निर्माण झालेला दुरावा आता भरून येण्यासारखा नाही, असे कारण देण्यात आले.

त्यांच्या जागी हर्वे रनार आले. नावात साम्य असले तरी वेंदी रनार यांच्याशी त्यांचे नाते नाही. योगायोग असा की, तेही आपल्या काळी बचावाचेच खेळाडू होते. वेंदी रनार परतल्या, ल सोमेर यांनाही पुन्हा बोलावणे आले, आणि २०२३ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध फ्रान्सचे दोन्ही गोल या दोघींनीच केले. संघात मोकळेपणा आला असे सर्वांनी म्हटले. पण उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाने पेनल्टींच्या लांबलेल्या झुंजीत फ्रान्सला हरविले. म्हणजे वातावरण बदलले, माणसे परतली, तरी २०१९ मध्ये जो उंबरठा ओलांडता आला नव्हता तो २०२३ मध्येही ओलांडता आला नाही. साऱ्या अपयशाचे खापर एका व्यक्तीच्या माथी फोडणाऱ्यांनी हा निकाल विसरता कामा नये. त्याचप्रमाणे, पदकांच्या हिशेबात खेळाडूंच्या मनाचा हिशेब मिटतो, असे मानणाऱ्यांनीही काही विसरता कामा नये.

या कारकिर्दीचा धडा कोणता? बचावाच्या खेळाडूजवळ दोन गुण असतात. एक म्हणजे अढळपणा. कोण काय म्हणतो इकडे लक्ष न देता आपली जागा धरून राहणे. दुसरा म्हणजे शेजारणीशी अखंड संवाद; हाळी देणे आणि हाळी ऐकणे. क्लेरमाँमध्ये जगाच्या कुतूहलाला आणि संशयाला तोंड द्यावयाचे होते. तेथे पहिल्या गुणाने काम झाले. राष्ट्रीय संघात पोहोचल्यावर तोफा बाहेरून कमी आणि आतून अधिक येऊ लागल्या. तेथे जागा धरून राहण्यापेक्षा एकमेकींचा आवाज ऐकण्याची निकड होती. खेळताना जी गोष्ट पायांना उपजत कळते, ती खुर्चीवर बसल्यावर पुन्हा नव्याने शिकावी लागते. पुष्कळ कर्तबगार माणसांच्या बाबतीत, आणि केवळ मैदानावरच नव्हे, हे घडत आले आहे. ज्या कणखरपणाने त्यांना पदापर्यंत आणलेले असते, तोच पद मिळाल्यावर थोडा सैल करावा लागतो. आणि नेमका कोठे, हे कोणी आधी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. दियाक्र यांची नेमणूक झाली तेव्हा अनेकांनी त्यांच्यात साऱ्या स्त्रीजातीची परीक्षा पाहिली. त्या यशस्वी झाल्या असत्या तर सर्व स्त्रिया उत्तीर्ण, अपयशी ठरल्या असत्या तर सर्व अनुत्तीर्ण, असा तो हिशेब होता. पुरुष प्रशिक्षक दर हंगामात डझनांनी पदच्युत होतात; त्यावरून पुरुषांना प्रशिक्षण जमत नाही असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. क्लेरमाँच्या सातव्या आणि बाराव्या क्रमांकाने हा अन्यायी हिशेब थोडा सैल केला. आणि २०२३ चा निर्णय, कटू असला तरी, एका प्रशिक्षकाविषयीचा निर्णय म्हणूनच बहुतेकांनी स्वीकारला. दारही बंद झाले नाही. २०२४ मध्ये जर्मनीतील इंगोलश्टाट येथे साबरीना विटमान यांच्याकडे पुरुषांच्या तिसऱ्या श्रेणीतील संघाचे मुख्य प्रशिक्षकपद आले. अशी उदाहरणे अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्यांची गर्दी होतेच.

ती गर्दी एक दिवस होणार नाही. एखादी स्त्री पुरुषांच्या संघाची प्रशिक्षक होईल, काही सामने जिंकेल, काही हरेल, मध्यम क्रमांक मिळवील, कदाचित पदावरून दूरही होईल, आणि वर्तमानपत्रांत त्याची दखल दोन ओळींत घेतली जाईल. तो दिवस येईल तेव्हा त्याच्या मुळाशी क्लेरमाँचे ते अडतीस-अडतीस सामन्यांचे तीन हंगाम असतील. सेंत-एत्येनच्या गोलाची आठवण फ्रान्समध्ये राहीलच. पण कोरीन दियाक्र यांचे मोठे काम ते की हे, असे विचारले तर उत्तर या हंगामांच्या बाजूने द्यावे लागेल. त्या हंगामांत बहुतेक आठवड्यांत सांगण्याजोगे काहीच घडले नाही. राखण करणाऱ्याचे यश असेच असते.